खोटा गंज

आमच्या घरी गेले पाच महिने एक रणगाडा मुक्कामाला आहे. मधल्या खोलीत शिवणयंत्राच्या फळीवर वर्तमानपत्र पसरून तो उभा असतो आणि त्याच्या भोवती टर्पेंटाइनचा वास. माझा भाचा बेळगावात इंजिनिअरिंगला आहे, आमच्याकडेच राहतो. जपानी कंपनीचा प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचा संच त्याने शिष्यवृत्तीतून पैसे वाचवून मागवला. 'सेंच्युरियन' जातीचा ब्रिटिश बनावटीचा रणगाडा. खरा पन्नास टनांहून जड आणि तोफेच्या टोकापर्यंत दहा मीटरला थोडा कमी. हा त्याच्या पस्तीस पट लहान, म्हणजे वीतभराहून थोडा लांब. पस्तीस हा आकडा कुठून आला असे मी विचारले. मुळात त्या कंपनीने पहिला रणगाडा केला तो आत मोटर आणि दोन सेल मावतील एवढा, आणि मागाहून मोजले तेव्हा तो पस्तिसावा हिस्सा भरला म्हणे. आधी सेल, मग शास्त्र! पुष्कळशा परंपरा अशाच जन्मतात, असो.

जोडणी पंधरा दिवसांत संपली. उरलेले सगळे महिने गेले ते रंगात. आणि रंगात म्हणजे रणगाडा मळवण्यात. हे मला प्रथम कळेना. आधी करडा अस्तर-रंग, त्यावर लष्करी हिरवा. तोही डबीतला जसाच्या तसा नाही, किंचित पांढरा मिसळून फिका केलेला. कारण मॉडेल आपण एका फुटावरून पाहतो तेव्हा खरा रणगाडा पस्तीस फुटांवरून पाहिल्यासारखे असते, आणि दूरची वस्तू फिकी दिसते. इथवर ठीक. मग एवढ्या निगुतीने दिलेल्या रंगाचे टवके काढायला त्याने सुरुवात केली! स्पंजचा तुकडा गडद तपकिरी रंगात बुडवायचा, कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत टिपायचा आणि झाकणांच्या कडांवर हलकेच टेकवायचा. तैलरंग टर्पेंटाइनमध्ये पाण्यासारखा पातळ करून रिव्हेटच्या भोवती सोडायचा, तो आपणच खाचांत पळतो आणि वर्षानुवर्षांची मळी साचल्यासारखी दिसते. पट्ट्यांच्या उंचवट्यांवर पेन्सिलीचे शिसे चोळायचे, म्हणजे जमिनीवर घासून चकाकलेले पोलाद. गंजाचा रंग आधी देऊन त्यावर केसांना मारायचा फवारा, त्यावर हिरवा, आणि मग ओल्या कुंचल्याने घासले की वरचा रंग खरोखरच सालपटासारखा निघतो. मामी म्हणाली, "नवं करकरीत होतं ते बरं होतं की!" भाचा म्हणाला, "मामी, नवं म्हणजे खेळणं."

या उत्तराने मी चमकलो. वस्तू खरी वाटायची तर ती वापरलेली वाटली पाहिजे. मी शाळेतली पायरी आठवली. साठ वर्षांत मुलांच्या पायांनी तिच्या मध्यावर जो खळगा पडला आहे तो कोणा गवंड्याला मुद्दाम पाडता येणार नाही. आमच्या आईचा वरवंटा दोन्ही टोकांना जाड आणि मधे बारीक झाला होता. वापराच्या खुणा म्हणजे माणसाने वस्तूवर नकळत केलेले लिखाण. भाचाही हे जाणून होता. रणगाड्यावर चढताना शिपाई नेमका कुठे पाय ठेवतो तेवढीच जागा त्याने धुळीविना ठेवली होती, इंधनाच्या झाकणापाशी सांडलेल्या तेलाचा काळा ओघळ काढला होता. प्रत्येक डागाला त्याच्याकडे कारण होते. विद्यार्थी निबंधात एकही विशेषण कारणाशिवाय लिहीत नाही असे कधी घडले तर शिक्षकाला जे वाटेल ते मला वाटले.

पण वरवंटा झिजला तो आईच्या हाताने. इथली झीज स्पंजची. मग हे खोटे नव्हे काय?

तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. केलेल्या माणसाला असा प्रश्न पडला की तो प्लेटोकडे धावतो. 'रिपब्लिक'च्या दहाव्या भागात प्लेटोने चित्रकाराला सत्यापासून तिसऱ्या पायरीवर बसवले आहे: एक पलंगाची मूळ कल्पना, दुसरा सुताराचा पलंग, तिसरा चित्रातला. माझ्या भाच्याचा गंज मग कितव्या पायरीवर? मला मात्र या बाबतीत आपला श्रीशंकुक जास्त शहाणा वाटतो. त्याचा ग्रंथ उरला नाही, अभिनवगुप्ताने त्याचे मत नोंदवले म्हणून ते आपल्याला कळते. चित्रातला घोडा पाहून आपण 'हा घोडा' म्हणतो. ते ज्ञान खरे नाही, खोटे नाही, संशयाचे नाही आणि 'घोड्यासारखे काहीतरी' असेही नाही. ते या चारांहून निराळे. हा चित्रतुरगन्याय. अभिनवगुप्ताच्या गुरूंनी, भट्टतौतांनी, शंकुकाचा अनुकृतिवाद खोडून काढला हे खरे, पण चित्रातला घोडा काही त्यांनी मारला नाही. शिवणयंत्रावरचा रणगाडा पाहून 'वा, काय गंजलाय!' म्हणणाऱ्याला कोणी फसवलेले नसते. त्याला ठाऊक असते आणि तो ते क्षणभर बाजूला ठेवतो. करणारा आणि पाहणारा यांच्यात करार असतो.

इथे मला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

२०११ साली आमच्या शाळेचा सुवर्णमहोत्सव झाला. मी तेव्हा साधा सहशिक्षक, पण अक्षर बरे म्हणून प्रदर्शनाचे काम माझ्याकडे. शाळा काढताना संस्थापकांनी गावकऱ्यांना एक पत्र लिहिले होते. मराठीतून शिकवणारी शाळा उभी करायची आहे, प्रत्येक घराने रोज एक मूठ धान्य बाजूला काढावे, असे. मूळ पत्र वाळवीने खाल्लेले. मजकूर तेवढा इतिवृत्ताच्या वहीत उतरवून ठेवलेला. प्रदर्शनात पत्र तर हवेच. मी जाड कागद घेतला, टाकाने मजकूर लिहिला, चहाच्या पाण्यात भिजवून उन्हात वाळवला, कडा उदबत्तीने किंचित जाळल्या. म्हणजे आज माझा भाचा जे करतो तेच मी केले होते. काचेत ते पत्र इतके सुरेख दिसले की खाली 'नक्कल' अशी चिठ्ठी लावायची राहिली. राहिली म्हणतो, पण ते खरे नाही. चिठ्ठी लिहून तयार होती. ती लावली तर पत्राची शोभा जाईल असे मला वाटले आणि मी ती खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी शाळेचे पहिल्या तुकडीचे निवृत्त शिक्षक आले. सत्तरी ओलांडलेले. काचेवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले आणि मला म्हणाले, "हे अक्षर मी कुठेही ओळखीन." त्यांचे डोळे भरले होते. अक्षर माझे होते. मी मान हलवली.

मजकूर शब्दन् शब्द खरा होता. धान्य खरेच गोळा झाले होते, शाळा खरीच उभी राहिली होती. सीमाभागात राहणाऱ्यांना अशा कागदाचे मोल किती, हे तुम्हा वाचकांना सांगायला नको. आपल्याकडे पुरावा या शब्दालाच एक वेगळी धार आहे. म्हणूनच मला वाटते, खोटा पुरावा आपण इतरांपेक्षा अधिक कसोशीने टाळायला हवा. खऱ्या मजकुराला खोटा कागद जोडला की उद्या कोणी कागदाबरोबर मजकूरही फेकून देईल. हे शहाणपण मला तेव्हा सुचले नाही. गुरुजी वारले. पत्र प्रदर्शनातून कार्यालयात आले आणि मी मुख्याध्यापक झाल्यापासून ते माझ्या खुर्चीच्या मागेच, माझ्या डोक्यावर आहे.

तर, भाच्याच्या गंजात खोटेपणा नाही आणि माझ्या चहात होता, इथे मी माझ्यापुरता निकाल दिला होता. पण गणपतीच्या दिवसांत आमच्या गल्लीतले हवालदार काका आरतीला आले आणि प्रकरण पुन्हा उघडले.

काका सैन्याच्या ई.एम.ई. शाखेत, म्हणजे दुरुस्तीच्या कामावर होते. १९७१च्या डिसेंबरात विशी नुकतीच ओलांडलेले, शकरगडच्या आघाडीमागे निकामी रणगाडे ओढून आणणाऱ्या तुकडीत. याच युद्धात १६ डिसेंबरला बसंतर नदीपाशी सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल आपल्या सेंच्युरियनमध्ये धारातीर्थी पडले, तेही एकवीस वर्षांचे. काका प्रसाद घेऊन मधल्या खोलीत आले आणि "काय करूलास रे पोरा?" म्हणत चष्मा सावरून वाकले.

भाच्याने उत्साहाने सांगितले. हा १९६५च्या सप्टेंबरातला, असल उत्तरचा. खेमकरणजवळ आपले सेंच्युरियन उंच उसात दडून बसले होते, शेतांत पाणी सोडलेले होते, पाकिस्तानचे पॅटन त्या चिखलात रुतले. भारतीय नोंदीप्रमाणे नव्वदहून अधिक रणगाडे त्यांनी गमावले. काकांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "ऊस म्हणतोस, मग पानं कुठं हायत? उसात शिरलेली बैलगाडी बघितलायस नव्हं?" खरेच होते. ऊसपट्ट्यात वाढलेल्या मुलाने उसाचे पाचट एकाही फटीत अडकवले नव्हते, कारण त्याने पाहिलेली पुस्तके परदेशी होती. चिखल म्हणून त्याने आमच्या परसातली तांबडी माती चाळून लावली होती. "पंजाबची माती भुरी," काका म्हणाले, "वाळली की राखेवानी." आणि गंजाबद्दल तर ते हसलेच. चालत्या रणगाड्याला एवढा गंज चढतोच कसा? ग्रीसची बालदी घेऊन माणसे दिवसरात्र मागे असतात. रणगाडा असा तांबडा होतो तो जळल्यावर. रंग जळून जातो, पोलाद उघडे पडते आणि दोन-चार दिवसांत गंजते.

मग त्यांचे बोट पुढच्या उजव्या अंगाला थांबले. तिथे भाच्याने तापवलेल्या सुईने एक भोक पाडले होते. कडा वितळून आत वळलेल्या, भोवती काजळी, तिच्याबाहेर केशरी गंजाची झाक. सगळ्या मॉडेलमध्ये सर्वांत सुंदर जमलेली जागा ती. मी स्वतः तिचे कौतुक केले होते.

"हितं ड्रायव्हर बसतो," काका म्हणाले.

कोणीच बोलले नाही. थोड्या वेळाने त्यांनीच सांगितले, की गाडी ओढून आणली की लगेच आत उतरायचे नसते. आधी बालद्या भरून पाणी मारायचे. मग पाने घेऊन उतरायचे. एवढेच बोलून ते प्रसादाचा द्रोण घेऊन बाहेर ओट्यावर गेले.

त्या रात्री मी शंकुकाला बराच वेळ घोळवले, पण तो उपयोगी पडेना. फसवणूक झाली नव्हती. तरी काहीतरी झाले होते. मरण चितारू नये, असे तर मी म्हणणार नाही. आपल्या भागात देवळांबाहेर वीरगळ उभे आहेत. त्यांवर खाली लढाई, मधे अप्सरा वीराला वर नेताहेत, सर्वांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला. तिथेही मरणच आहे, आणि ज्या पाथरवटाने ते घडवले त्यालाही कामाचा आनंद झाला असेलच. पण वीरगळात माणूस आहे. नाव पुसले, गाव विसरले, तरी माणूस आहे. आमच्या रणगाड्यावर माणसाच्या पायाची जागा होती, त्याने सांडलेले तेल होते, आणि तो जिथे संपला ते भोक होते. तोच कुठे नव्हता. एवढी कारणे शोधणाऱ्या पोराला त्या एका खुणेचे कारण शोधावेसे वाटले नाही. आणि त्याच्या मामालाही, जो त्याच भोकाला 'छान' म्हणाला.

उलट बाजूही सांगतो. अहमदनगरला (आता अहिल्यानगर) १९९४ साली सुरू झालेले रणगाड्यांचे संग्रहालय मी शाळेच्या सहलीबरोबर पाहिले आहे. तिथले रणगाडे खरे, देशोदेशींचे, काही प्रत्यक्ष युद्ध पाहिलेले. आणि मी पाहिले तेव्हा सगळे कसे नुकते रंगवलेले, हिरवेगार, स्वच्छ! मुले त्यांवर टेकून फोटो काढत होती. खऱ्याच्या खुणा रंगाखाली झाकायच्या आणि खोट्यावर खुणा रंगवायच्या, यांतले जास्त प्रामाणिक काय, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. भाच्याच्या भोकाने निदान काकांना बोलते केले. पन्नास वर्षांत ते बालद्यांचे कोणापाशी बोलले होते की नाही, ठाऊक नाही.

भाच्याने आठवडाभर रणगाड्याला हात लावला नाही. मग एका रविवारी त्याने भोकात पुट्टी भरली, वर प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा चिकटवला, कडेने वेल्डिंगची जाड ओबडधोबड रेघ काढली आणि त्यावर बाकीच्यापेक्षा वेगळा, नवा हिरवा रंग दिला. गंज बराचसा पुसला. शेजारच्या रानातून पाचट आणून बारीक कातरून पट्ट्यांत खोवले. काकांना बोलावून आणले. त्यांनी ठिगळावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हां. आता हा वर्कशॉपला जाऊन आला." सांगून गेले की ठिगळाची रेघ जरा सरळ आलीय, आम्ही एवढ्या सरळ कधी मारल्या नाहीत.

त्यानंतरच्या सोमवारी मी कार्यालयातले पत्र उतरवून फ्रेमवाल्याकडे दिले. काचेच्या आत, पत्राखाली, एक पट्टी बसवायची आहे: 'नक्कल. मजकूर इतिवृत्तावरून. २०११.' फ्रेमवाला दिवाळीनंतर देतो म्हणाला.

भिंतीवर जिथे पत्र होते तिथे जुन्या रंगाचा स्वच्छ चौकोन उरला आहे. भोवतालची भिंत धुरकट, पिवळी. शिपायाने परवा विचारले, "सर, तेवढाच चौकोन कसातरी दिसतोय, रंग मारून एकसारखं करून टाकू?"

राहू दे, म्हटले.