राखलेला डोळा

आमच्या निफाडकडे ऑक्टोबर लागला की माणसं एकमेकांना तब्येत विचारत नाहीत, छाटणी विचारतात. "झाली का छाटणी?" पेठ-सुरगाण्याकडच्या टोळ्या मळ्यात उतरलेल्या असतात. दिवसभर कात्र्यांची कचकच चालते आणि संध्याकाळी गच्च हिरव्या बागेच्या नुसत्या काड्या उरतात. लहानपणी ते बघून मला रडू यायचं. आण्णा म्हणायचे, "येडा झाला का? हे केल्याबिगर माल येत नाही."

द्राक्षाच्या वेलाला आमच्याकडे वर्षातून दोनदा कापतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी. तेव्हा एखादाच डोळा राखून बाकी सगळं काढायचं. त्यातून नवी काडी फुटते आणि तिच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड आतल्या आत तयार होतो. ऑक्टोबरची गोडी छाटणी त्या घडासाठी. तेव्हा चार काड्या आधी प्रयोगशाळेत नेतात, कितव्या डोळ्यात घड आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि मग कुठं कापायचं ते ठरतं.

थंड देशांत हाच वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपतो. झोपेत त्याला एकदा कापतात, की झालं. आपल्याकडे तशी थंडी नाही, म्हणून वेल झोपत नाही. आपणच त्याला कापून उठवतो. वर सगळे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना औषध चोळतो. हे वेलाच्या भल्यासाठी, असं आम्ही सगळेच म्हणतो. भलं कोणाचं ते आम्हाला माहीत असतं.

1986 साली दादा दहावीला होता, मी सातवीला. बाग नवी होती आणि सोसायटीचं कर्ज डोक्यावर होतं. एका रात्री आण्णा आईला म्हणाले, "दोघांचं शिक्षण झेपायचं नाही." सकाळी दादा शाळेत गेला नाही, फवारणीचा पंप पाठीवर घेऊन बागेत गेला. दादा गणितात माझ्यापेक्षा हुशार होता. त्याला कोणी विचारलं नाही, त्यानंही तोंड उघडलं नाही. मी शिकलो, नाशकात नोकरीला लागलो, बंगला बांधला. घरभरणीला आण्णांनी गावाकडून कडुनिंबाचं रोप आणलं आणि फाटकाशी लावलं.

वीस वर्षांत तो निंब विजेच्या तारांपर्यंत गेला. मागच्या जूनमध्ये पहिल्याच वादळात एक फांदी तारेवर पडली. शेजारी वैतागले, मीही वैतागलो. झाडं तोडणाऱ्या एकाला बोलावलं. तो म्हणाला, "शेंडाच उडवू साहेब, दहा वर्षं बघायला नको." सहज म्हणून दादाला फोन केला.

"आत्ता पावसात काय कापू राहिला?" तो म्हणाला. "जखम ओली राहील, बुरशी धरील. तारेजवळची फांदी तेवढी वीजवाल्यांकडून काढून घे. बाकीचं हिवाळ्यात बघू. आणि शेंडा मारू नको. मग खालून नुसती पचकी फूट येते, तिला जोर नसतो. तीच उद्या वाऱ्यात मोडून तुझ्या डोक्यावर पडंल."

महापालिकेच्या उद्यान विभागाकडून परवानगी काढली. शहरात झाडांना 1975 सालचा कायदा आहे, आपल्याच दारातल्या झाडाच्या फांद्या छाटायच्या तरी विचारावं लागतं. पौषात दादा आला. बरोबर त्याच्या बागेत दरसाल छाटणीला येणारे पेठकडचे एक मामा होते. मामा दोर घेऊन वर चढले. कोरडी हवा होती, कावळ्याचं घरटं रिकामं होतं.

मामांचं काम मी पहिल्यांदाच नीट बघितलं. जाड फांदी ते एका घावात पाडत नव्हते. खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून थोडं कापायचे, मग जरा पुढं सरकून वरून. फांदी पडली की उरलेला खुंट काढायचे, पण खोडाशी जे फुगीर कडं असतं त्याला धक्का न लावता. दादा म्हणाला, "वजनानं साल सोलून जाऊ नये म्हणून खालचा घाव. आणि त्या कड्यातून जखम भरून येते. तेच कापलं तर झाडानं भरून काढायचं कसं?"

मी शेजाऱ्यांकडे झुकलेली एक मोठी फांदी दाखवली. "तीही काढून टाकू, झाडाला हलकं वाटंल."

दादा हसला. "निंबाला जड झालंय का तुला? तुला झालं असंल तर तसं म्हण. काढू. पण त्याच्या नावावर नको."

ती फांदी राहिली. दुपारी आम्ही दोघं पायरीवर चहा घेत बसलो. एवढ्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते तोंडातून निघून गेलं. "दादा, तुला त्या वर्षी कोणी विचारलंच नाही ना?"

बराच वेळ तो कापलेल्या फांद्यांकडे बघत होता. "वेलाला कोणी विचारतं का?" तो म्हणाला. "आण्णांचा तरी काय इलाज होता. पण छाटल्यावर शेतकरी घरी जाऊन झोपत नाही रे. पाऊस आला तर डाऊनी येईल म्हणून रात्री दोनला उठून बॅटरी घेऊन पानं बघतो. माल निघेपर्यंत चार महिने तिथंच असतो. आण्णा होते तोवर रोज बागेत माझ्यासंगं होते. तू दिवाळीला यायचास."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

कापणं वाईट, असं मला आता वाटत नाही. शेतात कापावं लागतं, घरातही कधी लागतं. आण्णांनी केलं ते बरोबर होतं का, हे मला अजून ठरवता येत नाही. पण एवढं कळलं, की त्या छाटणीचा माल माझ्या वाट्याला आला आणि जखमेकडे बघायला मी गेलो नाही. ते काम आण्णांचं नव्हतं, माझं होतं.

या ऑक्टोबरला मी पंधरा दिवसांची रजा टाकली. दादाला कळवलं तर म्हणाला, "ये. पण कात्री हातात देणार नाही. डोळे राखता येत नाहीत तुला." मी म्हटलं, रात्री बॅटरी धरायला येतो.