कबऱ्या हरणाचे डोके



अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात नोकरी करणाऱ्या आपल्या भागातील एका तरुणाने आम्हांला एक फोटो पाठवला. त्याच्या साहेबांच्या दिवाणखान्यात हरणाचे डोके टांगले आहे. मान पांढरीशुभ्र, तिच्यावर तपकिरी ठिगळे. गाय असती तर आपण कबरी म्हटले असते. साहेबांनी त्यालाही येत्या हंगामात शिकारीला बोलावले आहे. "फादर, इथे हे कायदेशीर आहे. मग जाण्यात पाप आहे का?" असा त्याचा प्रश्न.

चटकन 'हो' म्हणणे सोपे होते. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यापासून शिकारी म्हटला की खलनायकच डोळ्यांपुढे येतो. तिथली गोष्ट वेगळी आहे. सन १९०० च्या सुमारास तिथली पांढऱ्या शेपटीची हरणे जेमतेम पाच लाखांच्या आसपास उरली होती. आज ती अडीच-तीन कोटी आहेत. शिकाऱ्यांच्या परवान्यांचे पैसे आणि १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरील कराची रक्कम वन्यजीवांसाठी राखली गेली, त्याचा यात मोठा वाटा आहे. बऱ्याच भागांतून लांडगे नाहीसे झाल्यामुळे हरणे फार वाढली की जंगलातली कोवळी रोपे फस्त होतात. मांसासाठी हरण मारणाऱ्याला, दर रविवारी मिस्सानंतर मटणाच्या दुकानापुढे रांग लावणारे आपण कोणत्या तोंडाने बोलणार?

पण कबऱ्या हरणाचे तसे नाही. त्याची जात तीच, फक्त आईबापांकडून आलेल्या दबलेल्या गुणामुळे रंग वेगळा. असे पाडस क्वचितच जन्मते. पुष्कळदा त्याचा कणा वाकडा, पाय आखूड किंवा खालचा जबडा तोकडा असतो. म्हणून शिकारी म्हणतो, अशा जनावराने कळपाचे काय भले होणार, मारले तर बिघडले कुठे? हिशेब चुकीचा नाही. पण हा गृहस्थ थंडीत तासन्‌तास दबा धरून बसला तो कळपाचे भले करायला नव्हे. साधी हरणे त्याने समोरून जाऊ दिली. मांसाची चव तर सारखीच. त्याला हवे होते ते इतरांकडे नसलेले काहीतरी. मग कातडे कमावायचे, फोमच्या साच्यावर चढवायचे आणि काचेचे डोळे बसवायचे. खरे डोळे तेवढे टिकवता येत नाहीत.

संत थॉमस अक्वायनस सांगतात की प्राणी मानवाच्या उपयोगासाठी आहेत; त्यांच्याशी क्रूरपणे वागू नये, कारण त्यामुळे माणूस माणसांशीही क्रूर होतो. सेमिनरीत हेच लिहून आम्ही चांगले गुण मिळवले होते. इथे ते पुरत नाही. हा शिकारी क्रूर नाही. एका गोळीत जनावर पडले असेल, त्याचे रूप पाहून तो हळहळलाही असेल. ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ (क्र. २४१८) अधिक नेमके बोट ठेवतो: गरज नसताना प्राण्याला मरण देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही. भिंत सजवणे ही गरज म्हणायची का? पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली लिहिले की प्रत्येक जीवाला देवापुढे स्वतःचे मोल आहे. भिंतीवरचे डोके नेमके उलट सांगते: माझे मोल एवढेच की मी याला सापडलो. दक्षिण आफ्रिकेत तर स्प्रिंगबॉक नावाच्या कुरंगाची पांढरी, काळी, तांबूस पैदास शिकारीसाठीच करतात. नेहमीच्या रंगासह चारही रंगांची डोकी जमली की संच पूर्ण झाला म्हणतात.

उलट विस्कॉन्सिन, इलिनॉय, आयोवा या राज्यांत पांढऱ्या हरणाला कायद्याचे संरक्षण आहे. न्यू यॉर्क राज्यात सेनेका येथे १९४१ साली लष्करी कोठारासाठी मोठे कुंपण घातले गेले. आत अडकलेल्या हरणांत काही पांढरी निपजली. अधिकाऱ्यांनी ती मारायची नाहीत असे ठरवले आणि त्यांचा मोठा कळप झाला. वाचून बरे वाटते. पण तपकिरी मात्र मारली जात होती! एकीकडे रंगासाठी जीव घेतला, दुसरीकडे रंगासाठी वाचवला. हरणाकडे हरण म्हणून कुणी पाहिले? (आपण हसू नये. आपल्या लग्नाच्या जाहिराती वाचाव्यात.)

शिकाऱ्यांचे आश्रयदाते संत ह्यूबर्ट यांचा सण ३ नोव्हेंबरला असतो. आख्यायिका अशी की शिकारीच्या नादात हे सरदार गुड फ्रायडेलाही जंगलात गेले. समोर हरण आले, त्याच्या शिंगांमध्ये क्रूस झळकत होता. त्याहून दुर्मीळ हरण कोणते असणार? ह्यूबर्ट घोड्यावरून उतरले आणि त्यांनी गुडघे टेकले. ते डोके त्यांच्या भिंतीवर गेले नाही.

आम्ही त्या तरुणाला ही गोष्ट लिहिली आणि पुढे म्हटले, जायचे तर जा, जे माराल ते वाटून खा, पण रंग पाहून नेम धरू नकोस. दुसऱ्याच दिवशी त्याचे उत्तर आले: "मग फादर, तपकिरी हरणाने कुणाचे घोडे मारले आहे?"

त्याला अजून उत्तर धाडलेले नाही. कुणाला काही सुचले तर मिस्सानंतर आम्हांला अवश्य गाठावे.