अर्थाची जबाबदारी

इंग्रजीतील साधे शब्द फार फसवे, अशी तक्रार आपल्याकडे नेहमी ऐकू येते. ‘नाइस’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून आला त्याचा अर्थ ‘अजाण’. आज तो सज्जनास लावतात. उलट ‘सिली’ म्हणजे एके काळी ‘धन्य’. आज तो मूर्खाच्या वाट्याला आला आहे. आपणा उत्तरेत राहणाऱ्या मराठी माणसांना तरी याचे नवल वाटू नये. ‘शिक्षा मंत्रालय’ ही पाटी प्रथम वाचताना आपल्यापैकी कोण दचकला नसेल! असो. ही स्थित्यंतरे शतकांच्या ओघात झाली. त्यांची कोणास झळ लागली नाही.

आमच्या मनात घोळणारा प्रश्न निराळा आहे. एकाच घटकेला एकाच शब्दाचे दोन माणसे दोन अर्थ घेतात, तेव्हा खोटे कोण बोलले?

चर्चिल यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आपल्या इतिहासात ‘टेबल’ या शब्दाचा किस्सा नोंदविला आहे. ब्रिटिश सेनाधिकाऱ्यांना एक टिपण तातडीने चर्चेस घ्यावयाचे होते, म्हणून ते ‘टेबल’ करू, असे ते म्हणाले. अमेरिकनांच्या बोलीत ‘टेबल’ करणे म्हणजे बाजूस सारणे. बराच वेळ कडाक्याचा वाद झाल्यावर उमगले की दोन्ही पक्षांना हवे होते ते एकच. हे हसून सोडून देता येते.

१९५१ च्या एप्रिलमध्ये कोरियातील इमजिन नदीकाठी जे घडले त्यावर मात्र हसवत नाही. चिनी सैन्याच्या वेढ्यात सापडलेल्या ग्लॉस्टरशायर पलटणीची अवस्था ब्रिटिश ब्रिगेडियरने आपल्या अमेरिकन वरिष्ठास ‘स्टिकी’ या शब्दाने कळविली, अशी हकीकत सांगतात. ‘स्टिकी’ म्हणजे चिकट. ब्रिटिश सैनिकी बोलीत त्याचा अर्थ प्राणसंकट असा होता; अमेरिकन सेनापतीस तो ‘जरा अडचण आहे, पण निभेल’ एवढाच वाटला. त्या पलटणीतील पाचशेंहून अधिक सैनिक कैदी झाले. पराभवाची कारणे एका शब्दात मावत नाहीत, हे आम्ही जाणतो. शिवाय आपल्या शब्दाचा दुसऱ्याच्या कानी काय अर्थ होईल, हे त्या ब्रिगेडियरला ठाऊक नसावे. त्यास खोटा कोण म्हणेल?

बोलीतला शब्द आपल्या मंडळात असतो तोवर निर्दोषच असतो. कॉलेजातील मुले उत्तम गोष्टीस ‘सिक’ म्हणतात; म्हणोत बापडी. परंतु ज्यास दोन्ही अर्थ ठाऊक आहेत, आणि तरीही जो सोयीचा तेवढाच आपल्यापाशी ठेवून शब्द पुढे करतो, त्याचे काय?

अशी माणसे दूर शोधावयास नकोत. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत ज्या पत्रावर प्रकरण चालते त्यास ‘पेपर अंडर कन्सिडरेशन’ म्हणतात. घाईत नुसते ‘पी. यू. सी.’ हे त्या कागदाचे नाव आहे, त्याची स्थिती नव्हे. कोणी विचार करीत असो वा नसो, कागद ‘विचाराधीन’च! एखादी विधवा कुटुंबनिवृत्तिवेतनाची चौकशी करते आणि ‘अंडर कन्सिडरेशन’ हे उत्तर घेऊन घरी जाते, तेव्हा ती समजते की कोणी तरी आपला विचार करीत बसले आहे. उत्तर देणारा खोटे बोललेला नसतो. नियमपुस्तिका त्याच्या बाजूची असते. पण बाईंना काय ऐकू गेले, हे त्यास पुरते ठाऊक असते. पुष्कळ ठिकाणी फाइल कागदावरून संगणकाच्या पडद्यावर आली. शब्द तोच राहिला.

आम्ही हल्ली विचारणाऱ्यास सरळ सांगतो, “पत्र फाइलीला लागले आहे; अजून कोणी वाचलेले नाही.” वरिष्ठांना हे रुचत नाही. आणि विचारणारी माणसेही पूर्वीसारखी समाधानाने परत जात नाहीत; दुसऱ्याच दिवशी पुन्हा खेप घालतात.