दोरा तोडावा लागतो



घरातल्या माणसासाठी आपल्या हाताने गोधडी शिवून द्यावी, ही आपल्याकडची जुनी रीत. लेकीच्या बाळंतपणात दुपटे जाते, शिकायला परगावी निघालेल्या नातवाच्या वळकटीत आजीची वाकळ जाते. हल्ली काही जणी तिच्या कोपऱ्यावर रंगीत दोऱ्याने नावही काढतात. या साध्या गोष्टीत परमार्थाचा एक अवघड प्रश्न दडला आहे. 'माझ्या लेकासाठी', 'माझ्या नातीसाठी' असे मनात म्हणत घातलेला टाका प्रेमाचा की मोहाचा? आणि एकदा दिलेली वस्तू देणाऱ्याची किती काळ राहते? कीर्तनाच्या निमित्ताने उभा जन्म गावोगाव हिंडलो आणि रात्री लोकांच्याच गोधड्या पांघरून निजलो. त्या उबेचे ऋण माथ्यावर आहे, म्हणून या प्रश्नावर चार शब्द आपल्यापुढे ठेवतो.

गोधडी कशी होते हे घरातल्या माउलींना मी काय सांगावे! तरी एकदा आठवून पाहू. सुगी आटोपली, उन्हे तापू लागली की पेट्यांतली जुनेरे बाहेर निघतात. नऊवारी लुगड्याचे चार तुकडे केले की साधारण एका गोधडीची वरची आणि खालची बाजू भागते. मधे विरलेले धोतर, फाटके सदरे, मुलांचे आखूड झालेले कपडे घालायचे. चारी बाजूंनी ताणून, मोठे टाके घालून सगळे थर आधी धरून ठेवायचे आणि मग काठापासून आत आत धावदोरा घालत मध्यापर्यंत यायचे. कापड सुतीच हवे, कारण ते घाम टिपते आणि अंगावरून निसटत नाही. ते जुनेच बरे, कारण शेकडो धुण्यांनी मऊ झालेले लुगडे तान्ह्या बाळालाही टोचत नाही. नव्या कापडाला ही माया येत नाही. ती वापराने येते.

आता पूर्वपक्ष ऐकू. एखादा साधक म्हणेल, "बुवा, ही तर ममता झाली. माझे-माझे म्हणत दोन-दोन महिने सुई चालवायची, त्यापेक्षा तेवढा वेळ हरिपाठ म्हणावा." हे बोलणे वरवर वैराग्याचे आहे, पण वारकऱ्याचे नाही. आपला देव निर्गुण असूनही विटेवर उभा राहिला, त्याला रूप आले, कटी आली, कर आले. थंडीत त्याच्या अंगावर आपण शाल आणि रजई घालतो. जो चराचर व्यापून उरला त्याला थंडी कसली? पण प्रेमाला माप लागते. नातवाची उंची किती, त्याला पाय पसरून निजायची सवय आहे की गोळा होऊन, सुनेला जड पांघरूण सोसते की नाही, हे शिवणारीला ठाऊक असते. सगळ्या जगावर प्रेम आहे म्हणणाऱ्याला शेजारच्या एका माणसाचेही माप ठाऊक नसेल, तर ते प्रेम शब्दापुरतेच. आणि हरिपाठाचे म्हणाल, तर हाताने टाका आणि मुखाने नाम, यांत विरोध कुठे आहे? नामदेवराय शिंप्याच्या घरचे. त्यांची पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात आहेत, त्यांतही सुई-दोऱ्याचे रूपक आले आहे. म्हणून नाव घेऊन शिवणे हा मोह नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग मोह शिरतो कुठे? तो शिरतो गोधडी पुरी झाल्यावर. शेवटचा टाका घातला की गाठ मारतात आणि दोरा तोडतात. दोरा तोडलाच नाही, तर सुई गोधडीला लटकत राहते आणि पांघरणाऱ्याला रात्री-अपरात्री टोचते. आपण देतो, पण दोऱ्याचे टोक हातात ठेवतो. 'वापरतोस ना रे?', 'मी दिलेली कुठे आहे?', 'एवढे केले, आणि त्याला काही नाही त्याचे.' ही सगळी न तोडलेल्या दोऱ्याची बोलणी आहेत.

एका गावी सप्ताह होता. काल्याच्या आदल्या दिवशी एक वयस्कर बाई भेटायला आल्या. बोटांना सुईचे घट्टे पडलेले. म्हणाल्या, "बुवा, एक विचारू का? दोन लेकांना एकेक गोधडी शिवून दिली. थोरल्याला त्याच्या वडलांच्या धोतराची, धाकट्याला माझ्या लग्नातल्या लुगड्याची. दिवाळीनंतर शहरात गेले, तर थोरल्याची गोधडी त्याच्या बिल्डिंगच्या रखवालदाराच्या अंगावर! ह्यांचं धोतर होतं हो त्यात. धाकट्याकडं गेले, तर त्यानं खराब होऊ नये म्हणून प्लास्टिकमध्ये बांधून कपाटात ठेवलेली. धाकट्यानं मान राखला, थोरल्यानं नाही. आता थोरल्याला बोलू का नको?"

मी विचारले, "माउली, थोरला काय म्हणाला?"

"म्हणाला, आई, तो म्हातारा रात्रभर दारात कुडकुडत होता. मला तुझी आठवण झाली, म्हणून दिली."

मी म्हटले, "बाई, आठवण झाली म्हणून दिली, एवढे त्याचे वाक्य धरून ठेवा." त्यांचे डोळे भरून आले होते. ते दुःख खोटे नव्हते. गेलेल्या धन्याचे धोतर होते ते. अशा वेळी ज्ञान सांगून कोणाचे मन शांत होत नाही, म्हणून मी त्यांना जनाबाईची गोष्ट सांगितली.

ती आपण सर्वांनी ऐकली आहे. महिपतीबुवांनी 1762 साली पुऱ्या केलेल्या भक्तविजयातही ती आहे. देव जनीकडे दळायला आले. पहाट झाली, निघायची घाई झाली. घाईत आपला शेला आणि पदक तिथेच राहिले आणि जनीची वाकळ पांघरून देव राउळात गेले. पुढे चोरीचा आळ, सूळ आणि सुळाचे पाणी. आम्ही कीर्तनकार त्या पाण्याकडे जाण्याची घाई करतो. पण जरा वाकळेपाशी थांबा. ती वाकळ जनीने देवासाठी शिवली नव्हती. ती तिच्या स्वतःच्या अंगाची, ठिगळांची, दासीच्या घरातली. भरजरी शेला टाकून देवाने ती अंगावर घेतली, आणि जनीने 'माझी वाकळ कुठे' म्हणून राउळाकडे धाव घेतली नाही. आपण शिवलेले पांघरूण शेवटी कोणाच्या अंगावर जाणार, हे शिवणाराला ठाऊक नसते. त्या बाईंनी धन्याचे धोतर लेकासाठी शिवले, आणि ते पोचले कुडकुडणाऱ्या म्हाताऱ्याकडे. त्या म्हाताऱ्यात कोण होता, हे आपल्यासारख्या माळकऱ्यांनी एकमेकांना सांगायचे का?

गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे तीन प्रकार सांगितले. परतफेडीची आशा न धरता, योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य पात्री दिलेले ते सात्त्विक. फळावर डोळा ठेवून किंवा मनात कुढत दिलेले ते राजस. अवेळी, अपात्री, अनादराने दिलेले ते तामस. हे तीन प्रकार बाहेरच्या दानालाच लागू आहेत असे आपण समजतो, आणि घरातल्या देण्याचा हिशेब तपासतच नाही. पण राजस दान सर्वांत जास्त घरातच होते. म्हातारपणी लेकाने बघावे म्हणून शिवलेली गोधडी, सुनेने चारचौघांत कौतुक करावे म्हणून शिवलेली गोधडी, या गोधड्या नसून उधारीच्या चिठ्ठ्या आहेत.

घेणाऱ्यालाही दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. आईने शिवलेले पांघरूण कपाटात बांधून ठेवणे हा मान नव्हे. त्याला माणसाचे अंग लागू द्या, धुवा, विरू द्या. जागा नसेल, उकाडा होत असेल, तर आईला तसे सरळ सांगा. दुसऱ्याला द्यायचे झाले तर त्या थोरल्यासारखे गरज पाहून, आपल्या हाताने द्या, आणि आईच्या कानावर घाला. तिला ते परक्या अंगावर अचानक दिसावे, हे बरे नव्हे. न सांगता भंगारात किंवा गाडी पुसायला घालाल, तर तो अनादर होय. तिने दोरा तोडावा हे तिचे साधन. तुम्ही तिची माया जपावी हे तुमचे.

शिवणाऱ्या माउलींना माझी एक विनंती आहे. घरच्यांसाठी नावानिशी चार गोधड्या कराल, तेव्हा पाचवी बिननावाची करा. आषाढीच्या वाटेवर भिजलेल्या तंबूत, ओल्या जमिनीवर निजणारे म्हातारे वारकरी आपण पाहतो. आपल्या दिंडीच्या ट्रकमध्ये ती ठेवून द्या. गाडगेबाबा स्वतः चिंध्यांची वस्त्रे नेसून हिंडले आणि पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे अनोळखी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या राहिल्या. तेवढे आपल्याने होणार नाही, पण एक पांघरूण होईल. शिवताना तिला कोणाचे माप घ्यावे, असा प्रश्न पडेल. आपल्या नातवाचेच घ्या. त्याच मायेने टाके घाला, तेच मऊ लुगडे वापरा. नातवाच्या मापाने परक्यासाठी शिवता आले, की ममतेचे प्रेम झाले असे समजावे.

आणि पाचही गोधड्या पुऱ्या झाल्या की गाठ घट्ट मारा, दोरा तोडा, सुई डबीत ठेवा. पांघरणाऱ्याला ऊब लागो, शिवणाऱ्याला विसर पडो, एवढेच पांडुरंगाकडे मागणे.

रामकृष्ण हरी.