कोणाचा म्हणायचा?



नाताळच्या मिस्सानंतर आपण सारे चर्चच्या अंगणात चहाला थांबलो होतो. पुण्याला नोकरी करणारा आपल्यातल्याच एका घरचा मुलगा पत्नीला आणि तीन वर्षांच्या बाळाला घेऊन आला होता. पत्नी मेघालयाची, खासी समाजातली, आपल्याइतकीच कॅथलिक. बाळाचे डोळे आईसारखे, रंग बापासारखा. खेळता खेळता एका पोराने त्याला 'चिनी' म्हटले आणि मोठी माणसे हसली. आम्हीही हसलो, हे कबूल केले पाहिजे. मग कोणीतरी विचारले, "पोरगं कोनाचं म्हनाचं, तिकडचं का आपलं?" आजीने नातवाला कडेवर उचलले. "थो आमचाच हाये," एवढेच ती म्हणाली. सून गप्प राहिली. तिला मराठी थोडे कळते.

प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात वाईट नव्हते. पण माणूस कोणाचा हे कशावरून ठरवायचे? आईवरून, बापावरून, चेहऱ्यावरून, की तो कुठे उभा आहे त्यावरून? आपल्या गावाच्या नावातच 'अरब' आहे. निजामाच्या आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजांत अरब शिपाई होते, हे शाळेतल्या पोरालाही सांगता येईल. तरी बोरी अरबचा म्हणून कोणी आपल्याला परका समजत नाही. नावातली सरमिसळ आपण पचवली आहे, चेहऱ्यातली मात्र पचत नाही.

आपल्या धर्मसभेत या प्रश्नाची एक जुनी गोष्ट आहे. संत गोन्सालो गार्सिया आपल्याला हुतात्मा म्हणून ठाऊक आहेत. पण ते मिश्र वंशाचे होते हे आपण सहसा बोलत नाही. १५५६ च्या सुमारास वसईत त्यांचा जन्म झाला, वडील पोर्तुगीज आणि आई तिथलीच. येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळेत ते शिकले, त्यांच्याबरोबर तरुणपणीच जपानला गेले. जपानी भाषा त्यांना उत्तम येऊ लागली आणि कित्येक वर्षे ते धर्मशिक्षकाचे काम करीत राहिले. येशूसंघात घ्यावे ही त्यांची इच्छा मात्र पुरी झाली नाही. पूर्वेकडील मिशनचे प्रमुख वालिन्यानो यांचे मत त्या काळी असे होते की, हिंदुस्थानात जन्मलेल्या मिश्र वंशाच्या माणसांना संघात घेऊ नये. वालिन्यानो हे काही क्षुद्र मनाचे नव्हते. जपान्यांच्या रीतिभाती शिका, असा आग्रह धरणारे ते द्रष्टे पुरुष होते. एवढ्या मोठ्या माणसालाही हे दिसू नये!

गोन्सालो व्यापारात पडले, पुढे मनिलाला गेले आणि तिथे फ्रान्सिस्कन संघाने त्यांना बंधू म्हणून स्वीकारले. १५९३ साली ते दुभाषी होऊन जपानला परतले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला २६ जणांना क्रुसावर मारण्यात आले, त्यांत ते होते.

गंमत पुढेच आहे. जिवंतपणी ज्याला कुठे बसवावे हे कळत नव्हते, त्याला मेल्यावर सगळ्यांनी आपला म्हटले. ब्राझीलमध्ये रेसिफे नावाचे शहर आहे. तिथल्या मिश्र रक्ताच्या लोकांना 'पार्दो' म्हणत आणि मानाच्या जागा त्यांना मिळत नसत. १७४५ साली त्यांनी गोन्सालोंचा मोठा सण केला, कारण हा संत आपल्यासारखाच, असे त्यांना वाटले. त्यावर आक्षेप आला की, त्यांची आई हिंदुस्थानची होती, आफ्रिकेची नव्हे, मग हे पार्दो कसे? जाबोआतां नावाच्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी प्रवचनातून पार्दोंची बाजू घेतली. पुढे ते प्रवचन लिस्बनला छापले गेले. वसईपासून समुद्रापलीकडे हजारो मैलांवर आपल्या एका आईच्या रंगावर वाद चालला होता, आणि वसईकरांना त्याचा पत्ताही नसेल.

१८६२ साली पोप नववे पायस यांनी त्यांना संत घोषित केले. आज वसईत त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे आणि आपण त्यांना अभिमानाने पहिले भारतीय संत म्हणतो. आपल्या राज्यघटनेने अँग्लो-इंडियनची जी व्याख्या केली आहे, ती बापाकडची वंशरेषा पाहते. त्या मापाने मोजले तर गोन्सालो आपले की त्यांचे, हा वाद पुन्हा उभा राहील. आईच्या बाजूने कायदा मोजत नाही, आजी मात्र मोजते.

कोणी म्हणेल, आपली ओळख जपायला नको का? जपावी. आमच्यातही आजोबांच्या गावाचे नाव आणि कुळाच्या आठवणी सांगणारी माणसे आहेत, आणि ते ऐकायला बरे वाटते. पण गोन्सालो अर्धे वसईचे आणि अर्धे पोर्तुगालचे होते, हे आम्हाला पटत नाही. ते पूर्ण वसईचे होते. पोर्तुगीज बापाचेही ते पूर्ण मुलगे होते. जपानी माणसाशी त्याच्याच भाषेत बोलताना ते काही तिसऱ्या हिश्शाने बोलत नव्हते. हिस्से शेताचे पडतात, सातबारावर चढतात. लेकराचे कसे पाडणार? आणि संताला आपला म्हणायला आपण अडीचशे वर्षांनंतरही तयार असतो. ज्या वर्षांत तो दाराशी उभा होता, त्या वर्षांत म्हणणे मात्र अवघड जाते.

ते कुटुंब उन्हाळ्याच्या सुटीत पुन्हा येणार आहे. त्या दिवशी कोणाचा, कोणाचा करता करता बाळाचे नाव विचारायचे आम्ही सारेच विसरलो. गेल्या रविवारी आजीकडून ते विचारून घेतले.