वाया गेलेले मत

2024 सालच्या एप्रिलातली दुपार. दारात एक तरुण उभा होता. हातात पत्रकांचा गठ्ठा, सदरा घामाने भिजलेला. ‘काका, मी लोकसभेला अपक्ष उभा आहे. निशाणी शिलाई यंत्र.’

लोकसभेला उभे राहायचे तर वयाची 25 वर्षे पुरी लागतात. याला नुकतेच 26 वे लागले होते. मोटारसायकल विकून त्याने 25,000 रुपयांची अनामत भरली होती.

‘निवडून येशील का रे?’ मी विचारले.

‘नाही काका,’ पाण्याचा पेला ठेवीत तो म्हणाला. ‘पण आपल्या नदीच्या पाण्याबद्दल कुणी बोलतच नाही. मी उभा राहिलो म्हणून निदान चार सभांत तो विषय निघाला.’

तो गेला आणि घरात वाद पेटला. आमचे दादा म्हणाले, ‘हरणाऱ्याला मत देणे म्हणजे ते वाया घालवणे. चुरशीच्या लढतीत अशाच मतांमुळे नको तो माणूस निवडून येतो. याच्या हौसेची किंमत सगळ्यांनी का मोजायची?’ त्यावर मुलगी फणकारली, ‘मत म्हणजे काय शर्यतीच्या घोड्यावर लावलेले पैसे आहेत?’

दादांचे म्हणणे पोकळ नव्हते. मते फोडण्यासाठी नावाशी नाव जुळणारे अपक्ष उभे करण्याचे प्रकार आपण पाहिले आहेत. 1996 च्या निवडणुकीत उमेदवार तेरा हजारांवर गेले, आणि त्यानंतर 500 रुपयांची अनामत 10,000 झाली. वैध मतांचा सहावा हिस्सा मिळाला नाही, तर ती जप्त होते. 1957 साली लोकसभेत 42 अपक्ष निवडून आले होते. 2024 साली साडेतीन हजारांहून अधिक उभे राहिले आणि आले अवघे 7. महाराष्ट्रातून एकच, सांगलीचे विशाल पाटील. आणि ते वसंतदादांचे नातू. आमच्या या पोराच्या मागे कोण होते?

तरीही मुलीचा प्रश्न मनातून जाईना. आपण मनातल्या विचाराला ‘मत’ म्हणतो आणि पेटीत पडते त्यालाही ‘मत’च म्हणतो. कोण जिंकेल याचा अंदाज आणि कोण यावा याविषयीचे मत या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली सांगायला ज्योतिषी पुरे; दुसरी मात्र ज्याची त्यानेच सांगावी लागते. समोरचा एक उमेदवार खरोखर घातक वाटत असेल, तर त्याला पाडण्यासाठी दुसऱ्याला मत देणे हेही विवेकाचेच काम आहे. पण तसे काही नसताना, केवळ ‘हा काही येत नाही’ म्हणून मनातला माणूस टाकायचा, याला व्यवहार म्हणावे की भित्रेपणा?

शिवाय त्या तरुणाने आम्हांला फसवले नव्हते. आपण हरणार, हे त्याने तोंडावर सांगितले होते. मोठमोठ्या सभांतून इतके सरळ उत्तर मी क्वचितच ऐकले आहे.

एवढा विचार करूनही मतदानाच्या दिवशी मी दादांचेच ऐकले. मत वाया जाऊ नये म्हणून जिंकणाऱ्याला दिले. 4 जूनला निकाल लागला. माझा उमेदवार हजारो मतांनी निवडून आला. माझे एक मत नसते, तरी त्याचे काहीच अडले नसते. मग दादांच्याच हिशेबाने, वाया गेले ते कुणाचे मत?

त्या वर्षी पाडव्याला तो तरुण पुन्हा दारात आला. या वेळी सायकलवरून.

‘अनामत गेली, काका. पण पाच हजारांवर लोकांनी मत दिलं. म्हटलं, घरोघरी जाऊन आभार तरी मानावेत.’

‘वाईट वाटलं का रे?’

‘पैशांचं वाटलं. ते फेडतोय अजून. मतांचं नाही वाटलं.’

सौ.ने फराळाचे ताट त्याच्यापुढे ठेवले. ‘त्यात एक माझं होतं हो,’ ती म्हणाली.

त्याचा चेहरा उजळला. मग त्याने सहज माझ्याकडे पाहिले. मी चकली मोडीत राहिलो.