न पाहिलेले दृश्य

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. वसईतील आमच्या आळीत पहिला संच यायला मात्र १९८० साल उजाडावे लागले. लाकडी पेटी, तिला दोन बाजूंनी सरकणाऱ्या झडपा आणि झडपांना चिमुकले कुलूप. किल्ली घरधन्याच्या खिशात. वरळीचा मनोरा दूर, मध्ये खाडी, माडांची दाटी आणि समुद्रावरून येणारा वारा. त्यामुळे चित्र आमच्यापर्यंत येई ते प्रवासाने थकूनभागून. कौलांवरच्या अँटेनावर कावळा बसला की पडद्यावर मुंग्या माजत. मग एक मुलगा कौलांवर, दुसरा दारात आणि तिसरा संचापुढे, अशी साखळी लागे. “आलं?” “गेलं!” “थोडं समुद्राकडे फिरव!” कधी चित्र वरवर सरकू लागे, माणसांचे पाय वर आणि डोकी खाली दिसत. घरधनी उठून पेटीच्या कुशीत एक थाप मारीत. ती थाप नेमकी कोठे आणि किती जोराची मारायची हे ज्ञान त्यांनी कोणाला दिले नाही. संध्याकाळी वाड्यांतील विहिरींवरचे पंप सुरू झाले की विजेचा दाब उतरे आणि चित्र चारही बाजूंनी आक्रसून जाई. आजच्या मुलांना यातले काही सांगितले तर ती हसतात.

परंतु आम्हांला त्या संचाने एक सवय लावली. ऐन रंगात आलेल्या प्रसंगी चित्र गेले आणि चार मिनिटांनी परत आले, तर मधला भाग आम्ही आपापसांत भरून काढीत असू. इतक्या सहज, की दुसऱ्या दिवशी शाळेत गोष्ट सांगताना कोणता भाग डोळ्यांनी पाहिला आणि कोणता मनाने, हे आमचे आम्हांलाही सांगता आले नसते. या सवयीविषयी मला लिहायचे आहे.

१९८४ सालच्या ऑक्टोबरच्या सुट्टीत आखातात नोकरीला असलेल्या एका शेजाऱ्याने व्हीसीआर आणला. त्याच जुन्या संचाला तो जोडून ओटीवर सारी आळी बसली. चित्रपट होता ‘फ्रँकेन्स्टाइन’, १९३१ सालचा, जेम्स व्हेल यांनी दिग्दर्शित केलेला. इंग्रजी माध्यमात शिकणारा एक दादा आम्हांला अर्थ सांगत होता. तोही बराचसा मनचाच असावा. प्रेतांचे अवयव जोडून घडवलेला तो राक्षस, त्याचे चौकोनी कपाळ, जड पापण्या, अडखळती चाल; आम्ही एकमेकांना बिलगून बसलो होतो. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत त्या राक्षसाच्या नावापुढे नटाचे नाव नाही, नुसते प्रश्नचिन्ह आहे. तो नट बोरिस कार्लोफ, हे दादाला ठाऊक होते.

मग तळ्याचा प्रसंग आला. काठावर एक लहान मुलगी फुले घेऊन बसलेली. राक्षस येतो. ती घाबरत नाही, त्याला फूल देते. दोघे एकेक फूल पाण्यावर टाकतात, फुले तरंगतात, राक्षस हसतो. त्याची फुले संपतात, तो मुलीकडे हात पुढे करतो, आणि इतक्यात आमचे चित्र आक्रसले, थरथरले, काळे झाले. पंप सुरू झाले होते. चित्र परतले तेव्हा मुलीचा बाप तिचे निश्चेष्ट शरीर दोन्ही हातांवर घेऊन गावातून चालला होता. ओटीवर कोणी बोलले नाही. मधल्या वेळात काय घडले हे विचारण्याची गरज कोणालाच वाटली नाही. आम्हांला ठाऊक होते.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी आमच्या वाडीच्या बावखलावर जे घडले ते मी आजवर लिहिले नव्हते. पूर्वेच्या डोंगराळ भागातून आलेला एक गडी आमच्या आळीतल्या एका वाडीवर कामाला होता. उंच, एका पायाने लंगडा, चेहऱ्याची एक बाजू कधीतरी भाजलेली. तो फारसा बोलत नसे आणि बोलला तरी त्याची बोली आम्हांला कळत नसे. चित्रपटानंतर आम्ही मुले त्याला राक्षस म्हणू लागलो. त्या दुपारी मी चिंचेखाली होतो. शेजारची सहा वर्षांची मुलगी बावखलाच्या काठावर जास्वंदीची फुले पाण्यात टाकताना मला दिसली. तिच्यामागे काही अंतरावर तो उभा होता. मी चिंचा वेचायला वाकलो. पाण्याचा आवाज आला. मान वर केली तेव्हा तो कमरेइतक्या पाण्यात होता, त्याच्या हातांत ती मुलगी होती आणि तिची मान लोंबत होती.

मी ओरडत सुटलो. माणसे जमली. मुलीच्या मामांनी माझे खांदे धरून विचारले, “तू पाहिलंस? त्यानेच ढकलली?”

“हो,” मी म्हणालो. “मी पाहिलं.”

माझ्या मनात तेव्हा तिळमात्र शंका नव्हती. त्याला कसे मारले याचे वर्णन मी करणार नाही. रात्रीच त्याला हाकलून दिले, मजुरीही न देता. मुलगी वाचली, तापात दोन दिवस बरळत होती. तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर तिने आजीला सांगितले की तिचा पाय शेवाळावरून घसरला आणि ‘त्या काकांनी’ तिला ओढून काढले. आजीने डोक्यावर पदर घेतला आणि माळ हातात घेतली. पुरुष मंडळी ओटीवर गप्प बसली. शोधायला कोणी गेले नाही. जायचे कोठे? त्याचे गाव कोणते हे कोणी कधी विचारलेच नव्हते.

शनिवारी मी पापनिवेदनाला गेलो. (गुप्ततेचे बंधन धर्मगुरूंवर असते, पश्चात्ताप करणाऱ्याने स्वतःची हकिकत सांगायला हरकत नसावी.) फादरांनी विचारले, “खोटं आहे हे ठाऊक असून तू बोललास का?” मी म्हणालो, “नाही.” ते थोडा वेळ थांबले, मग म्हणाले, “त्या माणसाचं नाव काय?” मला ते ठाऊक नव्हते.

पुष्कळ वर्षांनी तो चित्रपट मी पुन्हा पाहिला, आणि चकित झालो. आमच्या संचाचा आणि पंपांचा जो दोष मी मानत होतो, तो पूर्णपणे त्यांचा नव्हताच. राक्षस मुलीला पाण्यात टाकतो तो तुकडा अभ्यवेक्षकांच्या आग्रहाने १९३०च्या दशकातच कापला गेला होता, आणि सुमारे अर्धे शतक प्रेक्षकांनी चित्रपट त्यावाचूनच पाहिला. १९८०च्या दशकात तो पुन्हा जोडण्यात आला. त्या तुकड्यात काय आहे? फुले संपलेला राक्षस मुलीला उचलतो आणि हसत हसत पाण्यावर टाकतो, फूल टाकावे तशी. तीही तरंगेल असे त्याला वाटते. ती बुडते तेव्हा तो भांबावून पाण्यात हात चालवतो आणि घाबरून पळत सुटतो. कृत्य भयंकरच, परंतु त्यात दुष्टावा नाही. प्रेक्षकांना भय वाटू नये म्हणून जो तुकडा काढला, त्याच्या जागी प्रेक्षकांनी त्याहून कितीतरी काळी गोष्ट आपल्या पदरची घातली. म्हणजे मोडका संच केवळ आमच्याच ओटीवर नव्हता.

मग मी खोटी साक्ष दिली का? आठव्या आज्ञेचा भंग केला का? संत ऑगस्टीन यांनी असत्य भाषणावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. जो चुकीचे बोलतो पण ते खरे मानून बोलतो तो खोटारडा नव्हे, असे ते त्यात म्हणतात. एवढे वाचून मला हायसे वाटले होते. पण पुढेच त्यांनी जोडले आहे की असा माणूस निर्दोष ठरत नाही. जे आपल्याला माहीत नाही ते माहीत आहे असे समजणे हाच त्याचा दोष, आणि योगायोगाने ते खरे निघाले तरी तो दोष उरतोच. या शेवटच्या शब्दांवर मी पुष्कळदा थांबलो आहे. त्या गड्याने मुलीला खरोखरच ढकलले असते, तरीही “मी पाहिलं” हे माझे वाक्य सदोषच होते. मी पाहिले नव्हते. मी चिंचा वेचीत होतो.

संत थॉमस अक्वायनस याहून पुढे जातात. संशयावरून कोणाचा न्याय करणे त्यांना अन्याय्य वाटते, आणि जेथे शंका आहे तेथे चांगला अर्थ घ्यावा असे ते सांगतात. वाईट माणसाविषयी चांगले मत बाळगून वारंवार फसणे पत्करावे, पण चांगल्या माणसाविषयी वाईट मत बाळगून क्वचितही फसू नये, कारण दुसऱ्या प्रकारात कोणावर तरी अन्याय होतो. १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रसृत केलेल्या धर्मशिकवणीच्या ग्रंथातही पुरेशा आधाराविना शेजाऱ्याचा दोष खरा मानणे हा त्याच्या लौकिकाविरुद्धचा अपराध गणला आहे.

वाचकहो, येथे एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. सगळ्यांविषयी चांगलेच मानायचे, तर मुलांचे रक्षण कोणी करायचे? ‘आपला माणूस असे करणार नाही’ या शब्दांनी किती बालकांच्या तक्रारी दडपल्या गेल्या, हे ख्रिस्तसभेने अलीकडच्या दशकांत लज्जेने मान्य केले आहे. आपल्या देशात २०१२ साली बालकांच्या संरक्षणाचा कायदा झाला. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये अशा तक्रारी कळवणे धर्मगुरू व व्रतस्थांवर बंधनकारक केले. हे सारे आवश्यकच होते. अक्वायनसही म्हणतात की अनिष्टावर उपाय योजताना वाईटात वाईट शक्यता गृहीत धरणे हिताचे असते. पण उपाय योजणे वेगळे आणि निवाडा देणे वेगळे. मुलीला काठापासून दूर नेणे, बावखलाला कुंपण घालणे, गड्याला काय घडले ते विचारणे, पोलिसपाटलांना बोलावणे, हे सारे संशय मनात ठेवूनही करता आले असते. आम्ही यांतले काहीच केले नाही. कुंपण तर आजतागायत पडले नाही. बावखलच बुजवले गेले.

आणि मला दिसते ते असे की दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. चांगला अर्थ लावण्याचे औदार्य आपण ओळखीच्या, प्रतिष्ठित, आपल्या बोलीत बोलणाऱ्या माणसासाठी राखून ठेवतो आणि उरलेला सारा संशय भाजलेल्या चेहऱ्याच्या परक्यावर खर्च करतो. मेरी शेली यांच्या १८१८ सालच्या मूळ कादंबरीत तो राक्षस नदीत वाहून चाललेल्या एका मुलीला वाचवतो, आणि तिच्या सोबतचा माणूस त्याच्यावर गोळी झाडतो. हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. व्हेल यांच्याच १९३५ सालच्या पुढच्या चित्रपटात एक आंधळा एकांतवासी त्याला घरात घेतो, भाकरी आणि द्राक्षारस देतो, मित्र पाठवल्याबद्दल देवाचे आभार मानतो. भिंतीवर क्रूस असतो. त्याला राक्षस दिसत नाही, थकलेला पाहुणा तेवढा जाणवतो. दृष्टी असलेले दोघे दारात येतात आणि सारे संपते.

ज्याचे नुकसान केले तो सापडत नसेल तर भरपाई कोणाला द्यायची? धर्मशिकवण म्हणते की प्रत्यक्ष भरपाई शक्य नसेल तर प्रीतीपोटी नैतिक भरपाई करावी. ती कशी, हे मला अजून नीटसे उलगडलेले नाही. काही वर्षांपूर्वी डहाणू-जव्हारच्या बाजूला कामानिमित्त जाणे होई, तेव्हा बाजाराच्या दिवशी मी लंगडणाऱ्या म्हाताऱ्यांचे चेहरे पाहत असे.

ती मुलगी आता परिचारिका आहे. गेल्या ऑक्टोबरात ती पॅरिश कार्यालयात मिस्सा सांगायला गेली, तेव्हा मीही सोबत होतो. वहीत लिहून घेणाऱ्या बाईंनी नाव विचारले. तिने माझ्याकडे पाहिले. बाई पेन उघडे धरून थांबल्या होत्या.